माहेरचं नाव: राणी शार्लटचं प्रकरण

लग्नाच्या रिसेप्शनला स्टेजच्या दोन्ही बाजूंना उभी केलेली फुलांची सजावट आठवून बघा. जरबेरा, ग्लॅडिओलस, मागे पामच्या पानांचा पंखा, आणि त्यातून मान वाकडी करून बघणाऱ्या पक्ष्यासारखं एक नारिंगी-निळं फूल. फुलवाल्याला विचारलंत तर तो ‘बर्ड ऑफ पॅराडाइज’ म्हणून सांगेल. वनस्पतिशास्त्रातलं त्याचं नाव स्ट्रेलित्झिया रेजिनी. रेजिनी म्हणजे ‘राणीची’, आणि स्ट्रेलिट्झ हे त्या राणीचं माहेर.

मुलगी सासरी गेली की तिचं नाव बदलतं, आडनाव बदलतं, हे आपल्याला नवं नाही. इथे उलटं झालं. झुडूप मूळचं दक्षिण आफ्रिकेतलं, आणलं लंडनजवळच्या बागेत, आणि नाव लागलं उत्तर जर्मनीतल्या एका एवढ्याशा संस्थानाचं. ते संस्थान आज उरलेलंही नाही. ज्या राणीमुळे हे घडलं ती शार्लट, इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जची बायको. तिच्यावर लिहायला बसलेले बहुतेक जण नवऱ्याच्या वेडापासून सुरुवात करतात, हल्ली नेटफ्लिक्सच्या मालिकेपासून. मला या प्रकरणात वेगळाच प्रश्न खुणावतो. माहेरला काडीचं वजन नाही म्हणून जिला पसंत केलं, तिच्या माहेराचं नाव एवढं टिकलं कसं? आणि जिथून ते पुसलं गेलं, तिथून का?

स्थळ

२५ ऑक्टोबर १७६० रोजी आजोबा वारले आणि बावीस वर्षांचा जॉर्ज गादीवर आला. लग्न व्हायचं होतं. मन लेडी सारा लेनक्स नावाच्या मुलीवर बसलं होतं, पण राजाने आपल्याच सरदारांपैकी एका घरात सोयरीक करायची म्हणजे बाकीच्या घरांशी वाकडं घ्यायचं. शिवाय १७०१ च्या वारसा कायद्याने कॅथलिक मुलगी वर्ज्य, म्हणजे फ्रान्स, स्पेन, ऑस्ट्रिया ही बडी घरं आपोआप बाद. उरल्या जर्मन प्रॉटेस्टंट संस्थानांच्या मुली. जर्मनी तेव्हा एक देश नव्हता, शेकडो संस्थानांची गोधडी होती, आणि युरोपातल्या राजघराण्यांना सुना पुरवणं हा त्या संस्थानांचा जोडधंदाच होता म्हणा ना. जॉर्जची आई ऑगस्टा तशीच सॅक्स-गोथाहून आलेली.

याद्या झाल्या, चौकशा झाल्या. एकीचा स्वभाव तापट निघाला, दुसरीच्या घरच्यांबद्दल काहीबाही कानावर आलं. नावं खोडत खोडत शेवटी मेक्लेनबर्ग-स्ट्रेलिट्झवर गाडी थांबली. सोफिया शार्लट, जन्म १९ मे १७४४, मिरो या गावातल्या वाड्यात. वडील १७५२ मध्येच गेलेले, थोरला भाऊ ड्यूक. कर्नल डेव्हिड ग्रॅम मुलगी बघायला गेला. रूप बेताचं, वागणं चांगलं, राजकारणाचा गंध नाही, दरबारी कारस्थानांची सवय नाही. हे शेवटचे दोन गुण सगळ्यात मोठे ठरले. असल्या घरची मुलगी आली तर तिच्या पाठोपाठ माहेरची फौज नाही, की सल्ला द्यायला टपलेले काका-मामा नाहीत.

तिने म्हणे प्रशियाच्या फ्रेडरिक राजाला पत्र लिहिलं होतं, तुमच्या फौजा आमच्या प्रजेची कशी धूळधाण करताहेत ते बघा म्हणून, आणि ते पत्र हाती पडून जॉर्ज भाळला. गोष्ट छान आहे, पण बहुतेक नंतर रचलेली. मोठ्या घरात मुलगी पडली की ‘तिच्यात आधीपासूनच काहीतरी होतं’ असं सांगणारे भेटतातच.

बोलणी चालू असतानाच २९ जून १७६१ ला तिची आई वारली. ८ जुलैला जॉर्जने प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे आपल्या सल्लागार मंडळापुढे, लग्न जाहीर केलं आणि ऑगस्टच्या मध्यावर मुलीची पाठवणी झाली. सुतक वगैरे मानायला सवडच नव्हती. (त्याच उन्हाळ्यात इकडे पुण्यात, पानिपतच्या धक्क्याने खचलेले नानासाहेब गेले आणि सोळा वर्षांच्या माधवरावांना पेशवाईची वस्त्रं मिळाली. शार्लट त्यांच्याहून नऊ महिन्यांनी मोठी.)

हार्विच ते सेंट जेम्स

तिला आणायला खुद्द अॅडमिरल लॉर्ड अॅन्सन आला होता. शाही जहाजाचं नाव बदलून ‘रॉयल शार्लट’ केलेलं, म्हणजे राणी व्हायच्या आधीच तिचं नाव एका वस्तूला लागलं. पुढे आयुष्यभर आणि नंतरही हेच होत राहणार होतं. उत्तर समुद्र खवळलेला होता. सोबतच्या बायका आडव्या झाल्या, आणि ही मात्र हार्पसिकॉर्ड या पियानोसारख्या वाद्यावर इंग्लंडच्या राष्ट्रगीताची सुरावट बसवत होती असं सांगतात. ७ सप्टेंबरला हार्विचला पाय टेकले, दुसऱ्या दिवशी दुपारी लंडन.

सेंट जेम्स राजवाडा दिसला तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला. बग्गीत बरोबर बसलेली डचेस ऑफ हॅमिल्टन हसली. त्यावर शार्लट जे बोलली ते होरेस वॉलपोल या लेखकाने टिपून ठेवलं आहे: तुम्ही खुशाल हसा, तुमची दोनदा लग्नं झाली आहेत, माझ्यासाठी ही थट्टा नाही.

त्याच रात्री लग्न. नवऱ्याला पहिल्यांदा पाहिलं त्याला जेमतेम सहा तास झाले होते. अंगावर चंदेरी पोशाख, त्यावर जांभळ्या मखमलीचा पायघोळ झगा, आतून अर्मिनच्या फरचं अस्तर, खांद्याशी टपोऱ्या मोत्यांच्या गुच्छाने अडकवलेला. झगा इतका जड की त्याच्या ओढीने बाकीचे कपडेही खाली घसरू लागले. वॉलपोलने त्यावर एक चावट शेराही मारून ठेवला आहे. सतरा वर्षांची मुलगी, आई जाऊन अडीच महिनेही झालेले नाहीत, इंग्रजीचा एक शब्द येत नाही, आणि भर सभेत अंगावरचं वस्त्र सावरत उभी. आपल्याकडच्या नवऱ्या मुलींना भरजरी शालूचा हा अनुभव वेगळा सांगायला नको. दोन आठवड्यांनी, २२ सप्टेंबरला, वेस्टमिन्स्टर अॅबीत राज्याभिषेक.

राजकारण सोडून बाकी सगळं

नवऱ्याने सुरुवातीलाच बजावल्याचं सांगतात: राजकारणात पडायचं नाही. सासू ऑगस्टाचा वचक होताच. कुणाशी बोलायचं, कुणाला भेटायचं, यावर पहारा. माहेराहून आलेल्या मोजक्या माणसांत युलियाना श्वेलेनबर्ग नावाची खाष्ट बाई होती, ती पुढे राणीच्या वस्त्रागाराची मुख्य झाली. ती बेडूक पाळायची. त्यांना माश्या भरवायची आणि तपकिरीच्या डबीवर टिचक्या मारून त्यांना ओरडायला लावायची. हे तिच्या हाताखाली पाच वर्षं पिचलेल्या फॅनी बर्नीने रोजनिशीत लिहून ठेवलं आहे, त्यामुळे थोडं तिखट-मीठ असेल, पण बेडूक खरे असावेत.

इथे एक तुलना करावीच लागते. शार्लटच्या लग्नानंतर वर्षाच्या आत, जुलै १७६२ मध्ये, दुसऱ्या एका जर्मन संस्थानची मुलगी, आनहाल्ट-त्सर्ब्स्टची सोफी, रशियात नवऱ्याला गादीवरून उतरवून स्वतः सम्राज्ञी झाली. तीच कॅथरीन द ग्रेट. एकाच साच्यातल्या दोन मुली. एकीने सासर ताब्यात घेतलं. दुसरीने सांगितलेलं ऐकलं आणि हाती उरलेल्या गोष्टींत जीव ओतला.

हाती काय उरलं होतं? संगीत, बाग, भांडीकुंडी, मुलं. मुलं तर पंधरा, १७६२ ते १७८३ या काळात. जॉर्जने तिच्यासाठी २१,००० पाउंडांना बकिंगहॅम हाउस घेतलं. त्याला लोक ‘क्वीन्स हाउस’ म्हणत. पंधरापैकी चौदा बाळंतपणं तिथली. आज पर्यटक फाटकाबाहेर फोटो काढतात तो राजवाडा मुळात एका सुनेला दिलेलं घर आहे.

संगीतशिक्षक कोण, तर योहान क्रिश्चियन बाख, थोर संगीतकार बाखचा धाकटा मुलगा. १७६४ च्या एप्रिलमध्ये आठ वर्षांचा मोत्झार्ट वडील आणि बहिणीबरोबर लंडनला आला. २७ एप्रिलला पहिल्यांदा राजाराणीपुढे वाजवलं, आणि १९ मेला, म्हणजे राणीच्या वाढदिवशी, पुन्हा. त्या संध्याकाळी राणी स्वतः गायली आणि साथीला तो पोर बसला, हे त्याच्या वडिलांनीच पत्रात कळवलं आहे. वीस वर्षांची राणी, आठ वर्षांचा साथीदार, आणि दोघांची भाषा एकच, घरची, जर्मन. पुढच्या वर्षी मोत्झार्टच्या सहा सोनाटा तिला अर्पण होऊन छापल्या गेल्या आणि बापाच्या हातात पन्नास गिनी पडल्या.

भांड्यांची गोष्ट मला सगळ्यात आवडते. १७६५ मध्ये राणीकडून स्टॅफर्डशायरच्या कुंभारांकडे चहाच्या भांड्यांची मागणी आली. सोनेरी पृष्ठभाग, त्यावर उठावाची हिरवी फुलं. काम किचकट; जोसाया वेजवुडने ते अंगावर घेतलं. राणी खूश झाली, आणि त्याला ‘राणीचा कुंभार’ असं लावायची परवानगी मिळाली. वेजवुड हा धंद्याचं डोकं असलेला माणूस. साध्या, सायीच्या रंगाच्या त्याच्या मातीच्या भांड्यांना त्याने ‘क्वीन्स वेअर’ म्हणून बाजारात आणलं. चिनी मातीचा थाट न परवडणाऱ्या मध्यमवर्गाने ती उचलून धरली. राणीच्या टेबलावर आहे तेच आपल्या टेबलावर! जाहिरातीचा हा फंडा आज शॅम्पूपासून साडीपर्यंत सगळे वापरतात. आणि १७७३ मध्ये याच भांड्यांची सगळ्यात मोठी ऑर्डर कुणाकडून आली? सेंट पीटर्सबर्गच्या त्या दुसऱ्या जर्मन मुलीकडून. ९५२ नग, प्रत्येकावर ब्रिटनमधलं एखादं दृश्य आणि चिन्ह म्हणून हिरवा बेडूक. (ज्या जागेसाठी हा संच होता तिथे बेडकांचं दलदलीचं रान होतं म्हणून. श्वेलेनबर्गबाईंचा इथे संबंध नाही.)

बागेचं तसंच. लंडनजवळची क्यूची बाग सासूने वाढवलेली. सासू गेल्यावर ती सर जोसेफ बँक्स या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली आली. १७७२ मध्ये फ्रान्सिस मॅसन नावाच्या माळ्याला दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रांतात पाठवलं. क्यूने झाडं गोळा करायला धाडलेला तो पहिलाच माणूस. त्याने पाठवलेल्या झाडांत ते नारिंगी-निळं फूल होतं. बँक्सने नाव देताना राणीचं नाव घेतलं नाही, तिचं माहेर घेतलं. शार्लट नावाच्या बायका पुष्कळ असतील, स्ट्रेलिट्झची एकच. १७८९ मध्ये क्यूच्या वनस्पतींची जी सूची छापली गेली तीत ते नाव पक्कं झालं. ही नुसती खुशामत नव्हती, कारण राणीला वनस्पतींची खरीच जाण होती. तिच्याकडे वाळवलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह होता, ती आणि तिच्या मुली फ्रान्झ बाउअर या निष्णात चित्रकाराकडे फुलांची चित्रं काढायला शिकत, आणि कागदाचे बारीक तुकडे कापून हुबेहूब फुलं घडवणाऱ्या म्हाताऱ्या मिसेस डेलनींना तिने आणि राजाने विंडसरला राहायला घर दिलं.

कौतुक सगळीकडे होतं असं मात्र नाही. लंडनचे व्यंगचित्रकार तिला कंजूष, तपकीर ओढणारी म्हातारी म्हणून रंगवत. १७९२ मध्ये गुलामांच्या श्रमातून आलेल्या साखरेवर बहिष्कार घालायची चळवळ चालू होती. जेम्स गिलरेच्या चित्रात राणी बिनसाखरेचा चहा प्यायला बसली आहे, तोंड वेंगाडलेल्या मुलींना ‘बघा किती छान लागतो’ म्हणून पटवते आहे, आणि वर तुमच्या बिचाऱ्या पपांचा खर्च किती वाचेल याची आठवणही करून देते आहे. काटकसरीच्या आईचं इतकं झोंबणारं चित्र क्वचित सापडेल. याच काटकसरी बाईकडे अर्काटच्या नवाबाने १७७७ मध्ये पाठवलेले पाच हिरे होते. नवाब मुहम्मद अली स्वतः इंग्रज सावकारांच्या कर्जात गळ्यापर्यंत बुडालेला, आणि नजराणा लंडनच्या राणीला! मृत्युपत्रात तिने ते हिरे विकून पैसे मुलींना द्यायला सांगितलं.

मेणबत्ती

५ नोव्हेंबर १७८८. विंडसर. राजा काही आठवड्यांपासून सतत बोलत होता, तासन्‌तास, आवाज बसेपर्यंत. त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर त्याने थोरल्या मुलावरच झडप घातली. राणीला फीट यावी तसं झालं. संध्याकाळी फॅनी बर्नी तिच्या खोलीत गेली तेव्हा राणी एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती: माझं काय होणार? माझं काय होणार?

त्या रात्री राजाला शेजारच्या खोलीत झोपवलं होतं. मध्यरात्री तो मेणबत्ती घेऊन आत आला, पलंगाचा पडदा सारला आणि बायको आहे ना, ते बघत उभा राहिला. बराच वेळ. ती आत पडून होती, हलली नाही. हेही बर्नीनेच लिहिलं आहे, राणीच्या तोंडून ऐकून.

त्याचा आजार नेमका कोणता, यावर वैद्यांनी दोनशे वर्षं कीस पाडला आहे. १९६० च्या दशकात पॉर्फिरिया या रक्ताच्या विकाराचं नाव पुढे आलं, अलीकडे बायपोलर आजाराकडे कल आहे. फ्रान्सिस विलिस या डॉक्टरने केलेले उपचार म्हणजे हातपाय बांधणारा अंगरखा आणि खुर्चीला जखडणं. १७८९ च्या सुरुवातीला तो बरा झाला, पण शार्लट परत आधीची झाली नाही. केस पांढरे झाले, स्वभाव चिडका झाला, नवऱ्याबरोबर एकटीने खोलीत थांबायची तिला धास्ती वाटे. या काळात एक गोष्ट घडली जी तिच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही झाकू नये. तिने मुलींना जवळ धरून ठेवलं. मुली आपल्या घराला ‘मठ’ म्हणत. एलिझाबेथचं लग्न झालं तेव्हा ती ४७ वर्षांची होती. जिला सतराव्या वर्षी दोन महिन्यांत परक्या देशात धाडलं, तिने स्वतःच्या मुलींना उंबरा सहजी ओलांडू दिला नाही. भीती म्हणा, स्वार्थ म्हणा, मला दोन्ही दिसतं.

१८१० मध्ये धाकटी अमेलिया गेली आणि राजा कायमचा हरवला. १८११ पासून थोरला मुलगा राज्यकारभार बघू लागला. राजाच्या देखभालीची कायदेशीर जबाबदारी राणीवर. १८१८ च्या जुलैमध्ये क्यूच्या घरात, ती आजारी असल्यामुळे तिच्यासमोर, दोन मुलांची लग्नं एकत्र लागली. दोन्ही सुना जर्मन. त्यातल्या एका लग्नातून पुढच्या वर्षी व्हिक्टोरिया जन्मली. ती नात आजीने पाहिली नाही. १७ नोव्हेंबर १८१८ रोजी त्याच घरात एका लहानशा खुर्चीत बसल्या बसल्या, थोरल्या मुलाचा हात हातात असताना, शार्लट वारली. ५७ वर्षं राणी होती. नवरा विंडसरला होता, आंधळा आणि भ्रमिष्ट. बायको गेल्याचं त्याला कळलंच नाही.

नाव कुठे चिकटलं

आता मूळ प्रश्नाकडे.

तिच्या लग्नाच्या पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना वसाहतीत एक नवी काउंटी, म्हणजे जिल्हा, काढली, नाव मेक्लेनबर्ग. ज्या काउंटीतून ती काढली तिचं नाव अॅन्सन, समुद्रावरून वधूला आणणाऱ्या त्याच अॅडमिरलच्या नावाची. १७६८ मध्ये तिथे शहर वसलं, शार्लट. नव्या राणीला खूश करून राजाची मर्जी मिळवायची, एवढाच हेतू.

पुढे जे झालं ते गमतीचं आहे. ३१ मे १७७५ रोजी याच मेक्लेनबर्ग काउंटीच्या लोकांनी ठराव करून राजाने दिलेले सगळे अधिकार रद्दबातल ठरवले. तिथले लोक तर २० मेलाच आम्ही स्वातंत्र्य जाहीर केलं असं मानतात. इतिहासकार त्याबद्दल साशंक आहेत, पण राज्याच्या झेंड्यावर ती तारीख आजही आहे. १७८० मध्ये इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस फौज घेऊन तिथे आला आणि या जागेला गांधीलमाश्यांचं पोळं म्हणून गेला, असं सांगतात. त्यावरूनच तिथल्या बास्केटबॉल संघाचं नाव ‘हॉर्नेट्स’.

राजाविरुद्ध एवढं पेटलेलं गाव, पण राणीचं नाव बदललं नाही. न्यूयॉर्कमध्ये ९ जुलै १७७६ ला जमावाने जॉर्जचा सोन्याचा मुलामा दिलेला शिशाचा पुतळा पाडला आणि तो वितळवून ४२,०८८ गोळ्या पाडल्या, त्याच्याच सैनिकांवर झाडायला. किंग्ज कॉलेजचं युद्धानंतर लगेच, १७८४ मध्ये, कोलंबिया झालं. न्यू जर्सीतलं क्वीन्स कॉलेज मात्र १८२५ पर्यंत क्वीन्सच राहिलं, आणि बदललं तेही देणगीदाराच्या नावासाठी, राग म्हणून नव्हे. तेच आजचं रटगर्स.

माझा तर्क असा. राजाचं नाव म्हणजे कर, फौज, हुकूम. राणीला राजकारणापासून लांब ठेवलं होतं, त्यामुळे तिच्यावर राग धरायला काही कारणच नव्हतं. ‘लक्ष घालू नकोस’ या तंबीनेच तिचं नाव वाचवलं. तिच्या नावाला जोडलेल्या गोष्टी होत्या चहाची भांडी, फुलं, मुलं. ज्या इस्पितळाला तिने १८०९ मध्ये आश्रय दिला तेही बाळंतिणींचं. त्याच क्वीन शार्लट इस्पितळात १९३० च्या दशकात लेनर्ड कोलब्रुकने बाळंतज्वरावर सल्फा औषधाची चाचणी घेतली आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने खाली आले.

आजच्या शार्लट शहरात नऊ लाखांहून जास्त माणसं आहेत, त्यात बँका आणि आयटीच्या नोकऱ्यांमुळे गेलेली मराठी घरंही. शहराचं लाडकं नाव ‘क्वीन सिटी’. रस्त्यांच्या पाट्यांवर मुकुट, विमानतळावर वाऱ्याने मागे झुकल्यासारखी दिसणारी ब्रॉन्झची राणी. तिने हे शहर कधी पाहिलं नाही. तिचं खरं माहेर इकडे आटत गेलं. १९१८ मध्ये संस्थानाची गादी गेली, १९३४ मध्ये वेगळं राज्य म्हणूनही संपलं, नॉयस्ट्रेलिट्झचा राजवाडा १९४५ मध्ये जळाला. नाव उरलं ते कॅरोलायनातल्या काउंटीत आणि लॉस एंजेलिसने १९५२ मध्ये आपलं अधिकृत फूल म्हणून निवडलेल्या स्ट्रेलित्झियात.

सगळंच तिच्या नावे जमा झालं असंही नाही. १८०० च्या नाताळात विंडसरला तिने मुलांसाठी यू वृक्ष कुंडीत उभा करून त्याला मिठाई, खेळणी, मेणबत्त्या लावल्या. जर्मनीतली रीत. इंग्लंडला ख्रिसमस ट्री दिल्याचं श्रेय मात्र सर्रास नातजावई अल्बर्टला जातं, कारण त्याच्या झाडाचं चित्र १८४८ मध्ये साप्ताहिकात छापून आलं. छापून येईल ते खरं, ही रीतही जुनीच.

हल्लीची तिची प्रसिद्धी वेगळ्या कारणाने आहे. पंधराव्या शतकातल्या मार्गारिटा दि कास्त्रो ई सोझा या पोर्तुगीज पूर्वजेमार्फत तिच्यात आफ्रिकी रक्त होतं, असा दावा गेल्या शतकात पुढे आला; अॅलन रॅम्झीने काढलेल्या तिच्या चित्रांचा दाखला देतात. नेटफ्लिक्सने तोच धागा धरून तिला कृष्णवर्णीय राणी म्हणून उभं केलं आणि जगभर ती घराघरात पोचली. बहुतेक इतिहासकारांना हा पुरावा पातळ वाटतो, आणि इतक्या पिढ्या मागच्या एका पूर्वजेवरून कुणाचा रंग ठरवायचा तर आपल्यापैकी कुणाचाही काहीही ठरेल. तरी एक खरं: या दाव्याने जेवढ्या लोकांना तिचं नाव कळलं, तेवढ्यांना मोत्झार्ट आणि वेजवुड मिळूनही कळलं नव्हतं.

नाव पुसलं गेलं त्याची गोष्ट राहिली. १७८७ मध्ये जॉर्ज डिक्सन हा व्यापारी समुद्री पाणमांजरांच्या कातड्यांसाठी कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर फिरत होता. त्याच्या जहाजाचं नाव ‘क्वीन शार्लट’, म्हणून तिथल्या बेटांना त्याने तेच नाव ठोकून दिलं. कॅरोलायनात निदान नाव ठेवणारे तिथे राहणार होते. इथे नाव ठेवणारा कातडी भरून निघून गेला, आणि बेटांवर हायडा लोक हजारो वर्षं राहत होते, त्यांच्याकडे स्वतःचं नाव होतं. न्यूझीलंडमध्ये कुकने १७७० मध्ये एका खाडीला तिचं नाव दिलं होतं. तिथे २०१४ पासून माओरी ‘तोतारानुई’ आणि ‘क्वीन शार्लट साउंड’ ही दोन्ही नावं जोडीने लिहितात. हायडांच्या बेटांना जोडनावही राहिलं नाही. २०१० मध्ये बेटांचं नाव अधिकृतपणे हायडा ग्वाय झालं.

त्या वेळच्या समारंभात हायडांनी आपली पारंपरिक लाकडी पेटी आणली. एकाच फळीला वाफ देऊन, तीन ठिकाणी वाकवून, चौथा कोपरा शिवून करतात ती. ‘क्वीन शार्लट आयलंड्स’ हे नाव त्यांनी त्या पेटीत ठेवलं आणि पेटी मानाने सरकारच्या प्रतिनिधींच्या हाती परत दिली. बेटांवरच्या एका गावाचं नाव तेवढं क्वीन शार्लट राहिलं होतं. २०२२ मध्ये तेही बदललं. आता ते डाजिंग गीड्स.